पुलांची सुरक्षितता आणि संगणक-प्रणालीची निवड



२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीला मोठा पूर आला होता. त्या पुरात ब्रिटिश अमदानीतील दगडी कमानींचा पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन बसगाड्या व अन्य वाहने नदीत गेली. त्यानंतर जुन्या पुलांच्या तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला. या कामी आज संगणक-प्रणाली अनेक उपलब्ध आहेत. तथापि त्यांतील कोणती घ्यावी, हा केवळ खरेदीचा प्रश्न नाही. प्रत्येक प्रणाली ठराविक प्रश्नांचीच उत्तरे देते. म्हणून पुलाला धोका कशापासून आहे हे आधी ठरवावे लागते. प्रणालीची निवड त्यानंतर करावयाची असते.

पाण्याचा धोका

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील शोहारी ओढ्यावरचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी कोसळला व १० जण मृत्युमुखी पडले. पुराच्या पाण्याने खांबाच्या पायाखालचा तळ खरवडून नेला होता. तुळया व खांबांवरील भाराचे गणित करणाऱ्या 'स्टाड प्रो' किंवा 'मिडास सिव्हिल' यांसारख्या प्रणाली असा धोका आपण होऊन दाखवीत नाहीत. पाया पक्का आहे असे अभियंत्याने गृहीत धरले, की तेच प्रमाण मानून त्या पुढचे गणित करतात. पुराची पातळी, प्रवाहाचा वेग आणि खांबाजवळ तळ किती खोल खरवडला जाईल, याचा अंदाज घेण्यास 'हेक-रास'सारखी जलप्रवाहाची प्रणाली लागते. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने तयार केलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते.

कमानी आणि जोड

दगडी कमान तुळईप्रमाणे वागत नाही. ती दाबाच्या बळावर उभी असते. तिच्या सांध्यांना ताण फारसा सोसवत नाही. अशा पुलांसाठी ब्रिटनमध्ये 'रिंग' ही स्वतंत्र प्रणाली विकसित झाली आहे.

लोखंडी सांगाड्याच्या पुलांची गोष्ट आणखी निराळी. अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात मिसिसिपी नदीवरील महामार्गाचा पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळून १३ जण दगावले. चौकशीत आढळले, की सांगाड्याचे भाग जोडणारे काही पत्रे आवश्यकतेच्या सुमारे निम्म्याच जाडीचे होते. पुलावर कालांतराने वाढलेले वजन आणि त्या दिवशी दुरुस्तीसाठी ठेवलेले साहित्य यांचा भार त्यांना पेलला नाही. भारक्षमतेच्या त्या काळच्या नेहमीच्या गणितात हे पत्रे धरलेच जात नसत. जे गणितात घेतले नाही, त्याविषयी संगणकाने इशारा कसा द्यावा?

निवडीच्या कसोट्या

पुलाचा प्रकार व संभाव्य धोका यांना प्रणाली अनुरूप आहे काय, ही पहिली कसोटी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांतील वाहनभार तिच्यात घेता येतात काय, ही दुसरी. एखाद्या लहान पुलाचे गणित हाताने करून त्याच्याशी तिचे उत्तर पडताळता येते काय, ही तिसरी. आणि उत्तरातील चूक ओळखू शकेल असा प्रशिक्षित अभियंता कार्यालयात आहे काय, ही चौथी. त्या काँग्रेसची विशेष प्रकाशने ३५ व ३७ अनुक्रमे पुलांची तपासणी-देखभाल आणि भारक्षमतेचे मूल्यमापन यांविषयी मार्गदर्शन करतात. प्रणाली घेण्यापूर्वी त्यांचा अभ्यास झालेला असावा.

गावाचा सहभाग

संगणकाला लागणारी कित्येक माहिती कार्यालयात नसते. ती नदीकाठी असते. मोठ्या पुराचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, खांबाजवळ वाळूचा उपसा होतो काय, पाणी ओसरल्यावर पाया उघडा पडतो काय, डांबराचे थरावर थर चढून पुलाचे ओझे वाढले आहे काय, हे गावकऱ्यांना ठाऊक असते. ग्रामपंचायतीने पुराच्या खुणा रंगवून ठेवाव्यात व प्रत्येक पावसाळ्यानंतर अशा नोंदी लेखी स्वरूपात बांधकाम विभागाकडे पाठवाव्यात. शिक्षकांनाही या कामात मार्गदर्शन करता येईल. मात्र पुलाला नवा तडा गेला, खांब खचला किंवा कठडा कलला, तर गणिताची वाट न पाहता तत्काळ कळवावे आणि अधिकाऱ्यांनी वाहतूक थांबविण्याचा निर्णय विनाविलंब घ्यावा. माणसे सुरक्षितपणे पैलतीरी पोहोचावीत, यासाठीच हा सारा खटाटोप आहे.