पॅकेज सांभाळणारे हात

मुक्त सॉफ्टवेअरच्या व्यवहारात तीन पक्ष असतात. सॉफ्टवेअर लिहिणारा मूळ लेखक, ते वापरणारा माणूस आणि या दोघांच्या मधला मेंटेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारा. पहिल्या दोघांची ओळख सर्वांना असते. तिसऱ्याचे नाव सहसा कोणी विचारत नाही. लिनक्सच्या संगणकावर एक आज्ञा दिली की सॉफ्टवेअर उतरते, बसते आणि चालू लागते. हे इतके सोपे व्हावे म्हणून या तिसऱ्या माणसाने आपल्या फावल्या वेळातले कित्येक तास घातलेले असतात आणि बहुतेक वेळा त्यापोटी त्याला एक रुपयाही मिळालेला नसतो. वापरणारा आणि मेंटेनर यांच्यात जो ताण उभा राहतो, त्याची कारणे, परिणाम आणि उपाय येथे क्रमाने मांडले आहेत.

पॅकेज म्हणजे काय

लोणंदच्या बाजारात कांदा येतो तो शेतातून जसा निघाला तसा. मग निवड होते. मोठा माल आणि गोल्टी, म्हणजे लहान कांदा, वेगळी केली जाते, सडलेला कांदा बाजूला काढला जातो, गोण्या भरतात, वजन होते. मुंबई-पुण्याच्या घरात जो कांदा पोचतो, त्यावर शेतकऱ्याखेरीज आणखी कितीतरी हात फिरलेले असतात. पॅकेजिंग हे सॉफ्टवेअरच्या बाबतीतले असेच मधले काम आहे. फरक इतकाच, की बाजारात निवडणाऱ्याला मजुरी मिळते आणि हमालाला हमाली; पॅकेजच्या मेंटेनरला तसे काही ठरलेले नसते.

लिनक्सच्या जगात हे काम ‘वितरणे’ करतात. डेबियन, फेडोरा, आर्च ही त्यांतली प्रसिद्ध नावे. डेबियनची सुरुवात १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मर्डॉक याने केली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत ६९,८३० पॅकेजे आहेत. हा सगळा डोलारा जगभर विखुरलेले स्वयंसेवक सांभाळतात. भारतातही त्यांची वस्ती आहे. फेडोराच्या कार्यकर्त्यांचे ‘फडकॉन’ संमेलन २०११ आणि २०१५ असे दोनदा पुण्यात भरले, आणि डेबियनचे जागतिक संमेलन २०२३ मध्ये कोचीला झाले.

कामाचे स्वरूप

मूळ लेखक आपला कोड प्रसिद्ध करतो तो आपल्या सोयीने. मेंटेनर तो घेतो, त्यातल्या प्रत्येक फाइलचा परवाना तपासतो, तो कोड आणखी कोणत्या पॅकेजांवर अवलंबून आहे याची यादी करतो, वेगवेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरवर तो नीट बांधला जातो का हे पाहतो, आणि वितरणाच्या नियमांत तो बसत नसेल तर लहान लहान दुरुस्त्या करतो. डेबियनमध्ये पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ या शाखेत जाते. तिथे काही दिवस मोठी चूक सापडली नाही तर ते ‘टेस्टिंग’मध्ये उतरते. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवून त्याची ‘स्टेबल’ आवृत्ती काढतात. स्टेबलमध्ये त्यानंतर नवी वैशिष्ट्ये येत नाहीत. सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या तेवढ्या येतात.

पॅकेज एकदा तयार केले की काम संपले असेही नाही. मूळ लेखक नवी आवृत्ती काढतो, अवलंबित्वातले एखादे पॅकेज बदलते, सुरक्षेची त्रुटी जाहीर होते, बगच्या नोंदी येत राहतात. पॅकेज करणे एका आठवड्याचे काम असेल, पण सांभाळणे वर्षानुवर्षांचे.

ताण कुठे उभा राहतो

ताणाचे मूळ डेबियनच्या दोन दस्तऐवजांत शेजारी शेजारी दिसते. १९९७ च्या सामाजिक करारात प्रकल्पाने सांगितले, की आपले अग्रक्रम दोन : वापरणारे लोक आणि मुक्त सॉफ्टवेअर. १९९८ च्या घटनेत सांगितले, की प्रकल्पासाठी काम करण्याची सक्ती कोणावरही नाही. दोन्ही वचने खरी आहेत आणि दोन्ही आवश्यक आहेत. वापरणारा पहिले वचन धरून उभा राहतो, मेंटेनर दुसरे. या अंतरातून भांडणे चार वाटांनी येतात.

पहिली वाट नव्या-जुन्याची. कार्यालयाला, शाळेला, छापखान्याला स्थिर यंत्रणा हवी असते. मूळ लेखकाला आपले ताजे काम लोकांच्या हाती जावे असे वाटते. एक्सस्क्रीनसेव्हर या कार्यक्रमाचा लेखक जेमी झाविन्स्की याच्याकडे, आपण केव्हाच दुरुस्त केलेल्या चुकांच्या तक्रारी पुन्हा पुन्हा येत, कारण डेबियन स्टेबलमध्ये जुनी आवृत्ती होती. आवृत्ती फार जुनी झाल्याचा इशारा पडद्यावर दाखवण्याची सोय त्याने कोडमध्येच केली, आणि २०१६ मध्ये वाद पेटल्यावर, हे जमत नसेल तर कार्यक्रमच वितरणातून काढा, अशी मागणी केली. लेखकाचा वैताग खरा होता. स्थिरतेचे वचन पाळणाऱ्या मेंटेनरची अडचणही खरी होती.

दुसरी वाट फेरफाराची. २००६ मध्ये ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या डेबियन पॅकेजमध्ये, एका तपासणी साधनाचे इशारे बंद करण्यासाठी काही ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. त्यामुळे गुप्त किल्ल्या बनवतानाची यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली. एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्यांसाठी ३२,७६८ च शक्यता उरल्या. ही त्रुटी १३ मे २००८ रोजी जाहीर झाली आणि जगभरच्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. हेतू चांगला होता, त्याबद्दल मूळ प्रकल्पाच्या लोकांकडे विचारणाही झाली होती, तरी मधल्या हाताची एक दुरुस्ती केवढी महाग पडू शकते हे तेव्हा दिसले. याची दुसरी बाजू २०२४ मध्ये दिसली. सुरक्षेचा विचार करून डेबियनच्या मेंटेनरने पासवर्ड सांभाळणाऱ्या कीपासएक्ससीच्या मुख्य पॅकेजमधून ब्राउझरजोडणीसारख्या सोयी काढल्या आणि पूर्ण रूप वेगळ्या नावाने ठेवले. कालपर्यंत चालणारी सोय एका अद्यतनात गेली, म्हणून वापरणारे चिडले. आणि तक्रारी आपल्या दारात येणार, म्हणून मूळ लेखकही.

तिसरी वाट अवलंबित्वाची. गिटलॅबसारखे मोठे सॉफ्टवेअर दर महिन्याला नवी आवृत्ती काढते आणि शेकडो लहान ‘ग्रंथालयां’वर, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचांवर, उभे असते. ते डेबियनमध्ये आणण्याच्या कामात भारतीय स्वयंसेवकांचा पुढाकार होता. दर महिन्याला बदलणारी वस्तू दोन वर्षे स्थिर राहणाऱ्या कपाटात ठेवता येत नाही, हे अनुभवाने पटले, आणि अशा पॅकेजांसाठी ‘फास्टट्रॅक’ नावाचा वेगळा साठा सुरू झाला. माणसे न बदलता रचना बदलल्याने ताण सुटू शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

चौथी वाट भाषेची. अडलेल्या माणसाला घाई असते. तो बगची नोंद करताना गांभीर्याची सर्वांत वरची पायरी निवडतो आणि ‘इतकी साधी गोष्ट अजून का झाली नाही’ असे लिहितो. नोंद वाचणारा दिवसभराची नोकरी करून घरी आलेला असतो. त्या एका वाक्याने जितके काम थांबते, तितके कठीण बगनेही थांबत नाही.

दऱ्या आणि दर्या

मराठी वाचकाला हा प्रश्न आपल्या लिपीतच पाहता येतो. सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ आणि समुद्राचा ‘दर्या’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’, यांतला फरक एका चिन्हाचा आहे. ‘दऱ्या’मधला अर्धचंद्रासारखा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य येतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, पण एका प्रकाराने शोध घेतला तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला शब्द सापडेलच असे नाही.

आता एखाद्या छापखान्यात ‘दऱ्या’ चुकीचा दिसला, तर दोष कोणाचा? फॉन्टमध्ये जोडाक्षराचा नियम राहिला असेल. अक्षरे जुळवणाऱ्या हार्फबझ या घटकाची आवृत्ती जुनी असेल. कळफलकाच्या मांडणीने अदृश्य चिन्ह पाठवले नसेल. किंवा मजकूर जुन्या फॉन्टमधून रूपांतरित होताना बिघडला असेल. ही चार वेगवेगळी पॅकेजे किंवा साधने आहेत आणि त्यांचे सांभाळणारेही वेगळे. त्यांतल्या बहुतेकांना मराठी वाचता येत नाही. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढी तक्रार त्यांच्या हाती काहीच देत नाही. कोणता शब्द, तो कोणत्या कळांनी लिहिला, कोणत्या फॉन्टच्या कोणत्या आवृत्तीत, कोणत्या कार्यक्रमात बिघडतो आणि कोणत्यात नीट दिसतो, आणि तो कसा दिसायला हवा याचे चित्र, एवढे दिले तर दोषाची जागा मराठी न येणाऱ्या माणसालाही शोधता येते.

‘ल’ आणि ‘श’ यांचेही असेच. त्यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत आणि महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने ती निश्चित केली आहेत. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ म्हणून नोंदलेली नसेल तर मराठी वळण उमटत नाही. अशा वेळी पॅकेजमध्ये दुरुस्त करण्यासारखे काही नसते. तक्रार खरी, पत्ता चुकीचा, अशी स्थिती होते.

मराठीच्या या घडणीत महाराष्ट्राचा स्वतःचा हात आहे. रेड हॅट या कंपनीने मुक्त केलेल्या लोहित फॉन्टच्या कामात तिच्या पुणे कार्यालयातील अभियंत्यांचा मोठा वाटा होता. डेबियनमध्ये हे फॉन्ट पॅकेजांच्या रूपाने मिळतात. फॉन्ट पुण्यात घडला, पॅकेज भलत्याच देशातल्या कोणी केले आणि तो वापरला गेला साताऱ्यात, असा हा प्रवास आहे. वापरणाऱ्याच्या मराठी डोळ्याखेरीज त्याची तपासणी पुरी होत नाही.

दबावाचे टोक

दबाव किती घातक ठरू शकतो हे एक्सझेडच्या प्रकरणाने दाखवले. माहिती दाबून लहान करणारे हे ग्रंथालय जवळजवळ प्रत्येक लिनक्स संगणकात असते. ते लासे कोलिन हा एकच माणूस अनेक वर्षे सांभाळत होता. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी त्याच्यावर टीका सुरू झाली : कामाला वेळ लागतो आहे, दुसरा मेंटेनर नेमा. आपल्या मानसिक आरोग्याच्या अडचणी आहेत आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे, असे त्याने शांतपणे कळवले होते. ‘जिया टॅन’ या नावाने मदत करणाऱ्या व्यक्तीकडे हळूहळू अधिकार गेले. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत दूरच्या संगणकात शिरण्याची चोरवाट दडवलेली होती. डेबियनने नवी आवृत्ती लवकर घ्यावी, असा आग्रहही एका अनोळखी नावाने झाला.

आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ लागतो आहे असे जाणवले. त्याने मूळ शोधले आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जगाला सांगितले. डेबियनच्या स्टेबल आवृत्तीत ही चोरवाट पोचलेली नव्हती. ज्या सावकाशपणाबद्दल मेंटेनरला बोल लावले जातात, त्यानेच या वेळी लाखो संगणक वाचवले. एकट्या, थकलेल्या माणसावर टाकलेले ओझे हीच सुरक्षेची त्रुटी असते, हे या प्रकरणाने सिद्ध केले.

तक्रारीची रीत

तक्रार नसावी, असा याचा अर्थ नाही. तक्रारीशिवाय पॅकेज सुधारत नाही. तक्रारीला रीत हवी, आणि तिचा नमुना वारीत दिसतो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरास्नानानंतर लोणंदला मुक्कामी येते. तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार हातातला चोप उंच करतो आणि टाळ-मृदंग थांबतात. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असते तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतो, मग टाळ थांबतात. लाखोंच्या मेळ्यात तक्रारीला ठरलेली वेळ आहे, जागा आहे, ऐकणारा माणूस आहे. आणि तक्रार करणारी दिंडी स्वतः त्याच वाटेने चालणारी, आपला भार आपण उचलणारी आहे. बगची नोंदवही ही मुक्त सॉफ्टवेअरमधली अशीच जागा आहे.

जबाबदारीची वाटणी

वापरणाऱ्याच्या वाट्याला चार गोष्टी येतात. नोंद करण्याआधी जुन्या नोंदी पाहाव्यात. वितरणाच्या पॅकेजचा दोष आधी वितरणाकडे सांगावा, मूळ लेखकाकडे नव्हे. दोष पुन्हा कसा घडवून पाहता येईल ते लिहावे. आणि नवी आवृत्ती ‘टेस्टिंग’मध्ये असतानाच वापरून पाहावी. मराठी वापरणाऱ्याने मराठी मजकूर घेऊन ही चाचणी केली, तर ती दुसरे कोणी करू शकणार नाही असे काम होते.

मेंटेनरच्या वाट्यालाही काही येते. होणार नसेल तर ‘होणार नाही’ असे कारणासह सांगावे. सोय काढायची असेल तर अद्यतनाच्या सूचनेत आधी कळवावे. आणि वेळ उरला नसेल तर पॅकेज सोडत असल्याचे जाहीर करावे. डेबियनमध्ये त्यासाठी पॅकेज ‘अनाथ’ म्हणून नोंदवण्याची रीतसर सोय आहे. त्यामुळे दुसऱ्याला ते दत्तक घेता येते. मूकपणे ओढत राहण्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक आहे. एका पॅकेजला एकच सांभाळणारा असण्यापेक्षा गट असणे केव्हाही चांगले.

संस्थांची जबाबदारी सर्वांत मोठी आहे, कारण लाभही त्यांनाच मोठा होतो. हे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कंपन्या, महाविद्यालये आणि कार्यालये यांनी पैसा द्यावा, किंवा आपल्या माणसांना कामाच्या वेळेत पॅकेजे सांभाळू द्यावीत. अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाने एक अनाथ पॅकेज दत्तक घेतले तर परवाना, अवलंबित्व, चाचणी आणि अनोळखी माणसाशी सभ्यपणे बोलणे, हे सारे तो एकाच कामात शिकतो.

मुक्त परवाना वापरणाऱ्याला कोडवर हक्क देतो : वापरण्याचा, वाचण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा. तो कोणाच्याही वेळेवर हक्क देत नाही. ही मर्यादा ध्यानात ठेवून केलेली मागणी विनंती होते आणि विनंतीला हात लागले की ते सहकार्य होते. पॅकेजे टिकतात ती या सहकार्यावर.