चित्रापासून उंबरठ्यापर्यंत

(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



छायाचित्रे दाखविण्याच्या नव्या साधनांचा उपयोग करून आपल्या उद्योगधंद्याच्या संकेतस्थळाकडे गिऱ्हाईक कसे वळवावे, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी मला केली आहे. मी व्यापारी नव्हे, यंत्रशास्त्रज्ञ तर नव्हेच. मॅट्रिकपर्यंत शिकून सारी हयात खडू-फळ्याच्या सान्निध्यात घालविलेला मी एक निवृत्त शिक्षक आहे. परंतु जी गोष्ट नवी दिसेल ती प्रथम स्वतः समजावून घ्यावी आणि मग दुसऱ्यास सोपी करून सांगावी, ही शिक्षकाची सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. तिच्याच बळावर मी आपणापुढे उभा आहे.

माल उत्तम असणे आणि तो उत्तम आहे हे दूरच्या माणसास कळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या पैठणचेच उदाहरण घ्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशी व्यापाऱ्याने लिहिलेल्या प्रवासग्रंथात पैठणचा उल्लेख आहे. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर हे नगर असून तेथून मौल्यवान खडे, आणि तेथून पुढे दहा दिवसांच्या वाटेवरील तगर, म्हणजे आजचे तेर, येथून कापड गाड्यांवर लादून बंदराकडे जात असे, असे तो सांगतो. त्या काळी माल स्वतः वीस दिवस चालत गेल्यावाचून गिऱ्हाइकास दिसत नसे. आज त्याचे चित्र एका क्षणात सातासमुद्रापार पोहोचते. तथापि चित्र पोहोचले म्हणजे गिऱ्हाईक आले, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

चित्र माणसास किती दुरून ओढून आणते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यास अजिंठ्याची लेणी दृष्टीस पडली. पुढे १८४४ साली तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामावर रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. त्याने वर्षानुवर्षे खपून मोठमोठी चित्रे रंगविली व ती लंडनला रवाना केली. पुढे तो छायाचित्रेही घेऊ लागला आणि १८६४ साली त्याच्या ७४ छायाचित्रांसह लेण्यांवरील एक ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी सह्याद्री स्वप्नातही पाहिला नव्हता त्यांना अजिंठा ठाऊक झाला, तो प्रथम चित्रांवरून. परंतु १८६६ साली लंडनजवळील क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहास आग लागली आणि गिलच्या रंगविलेल्या चित्रांपैकी बहुतेक जळून खाक झाली. चित्राच्या अंगी माणसास ओढून आणण्याचे सामर्थ्य आहे, आणि आपले सर्वस्व दुसऱ्याच्या इमारतीत ठेवू नये, हे दोन्ही धडे या एका कथेत आहेत. आजच्या विषयाचे सारही हेच होय.

आता प्रस्तुत साधनांकडे वळू. इन्स्टाग्राम हे साधन २०१० साली सुरू झाले आणि २०१२ साली फेसबुक कंपनीने ते शंभर कोटी डॉलर देऊन विकत घेतले. पिंटरेस्ट हेही २०१० सालचेच. दोन्ही ठिकाणी चित्रे मांडता येतात, पण दोहोंची प्रकृती भिन्न आहे. इन्स्टाग्राम हा आठवडी बाजार आहे. तेथे गर्दी मोठी असते. लोक येतात, पाहतात, पुढे सरकतात. पिंटरेस्टला मात्र कात्रणवहीची उपमा शोभेल. लग्नाची साडी, दिवाणखान्याची सजावट, रुखवत असे काही मनात योजून लोक तेथे शोध घेतात व आवडलेले चित्र जपून ठेवतात. तेथील चित्रास मूळ पानाचा दुवा, म्हणजे लिंक, जोडता येतो. चित्रावरून माणूस थेट आपल्या पानावर येऊ शकतो, आणि महिन्यांपूर्वी ठेवलेले चित्रही नवे गिऱ्हाईक आणू शकते.

इन्स्टाग्रामवर तसे नाही. तेथे चित्राखालील मजकुरात संकेतस्थळाचा पत्ता लिहिला तरी त्यावर बोट ठेवून कोणी पोहोचत नाही. पत्त्याची खरी जागा आपल्या खात्याच्या परिचयात असते. २०२३ सालापासून तेथे पाचपर्यंत दुवे देण्याची सोय झाली आहे. चोवीस तास टिकणाऱ्या ‘स्टोरी’वर दुव्याची चिठ्ठी चिकटविता येते. पूर्वी अशी सोय प्रामुख्याने मोठ्या अनुयायीवर्गाच्या खात्यांनाच मिळे; २०२१ सालापासून ती सर्वसामान्यांसही खुली झाली. ही लहानशी बाब ठाऊक नसल्यामुळे कित्येकांचे श्रम वाया जातात.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीचे उदाहरण सांगतो. तिचे सासर पैठणी विणणाऱ्यांचे. घरात माग दोन. विणणारे हात चार. आणि माल मात्र ठरलेल्या एकाच व्यापाऱ्याच्या हाती जाई, तो म्हणेल त्या भावाने. तिने मोबाइलवर पैठणीची छायाचित्रे घालण्यास आरंभ केला. स्तुती उदंड झाली. ‘किती सुंदर’ म्हणणारे शेकडो भेटले. विकत घेणारा एकही नाही. ती निराश होऊन माझ्याकडे आली, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून एक साधा प्रश्न विचारला: ज्याला ही साडी खरोखर घ्यावयाची आहे, त्याने पुढे करावे काय? त्याचे उत्तर तिच्या खात्यावर कोठेच नव्हते. पत्ता नव्हता, किंमत नव्हती, मागणी कोणाकडे नोंदवावी याचा उल्लेख नव्हता. बाजारात मांडणी सुरेख होती, पण दुकानाकडे जाणारी वाटच नव्हती.

मग तिच्या भाच्याने एक साधे संकेतस्थळ उभे करून दिले. प्रत्येक साडीस स्वतंत्र पान. त्यावर लांबी, रेशीम व जर यांची माहिती, विणण्यास लागलेले दिवस, किंमत, घरपोच पाठविण्याचा खर्च आणि परतीच्या अटी. ज्या साडीचे चित्र दाखविले, तिच्याच पानावर पाहणारा पोहोचेल अशी व्यवस्था केली. हे फार महत्त्वाचे आहे. मोराच्या पदराचे चित्र पाहून आलेल्या बाईस जर संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर सोडून दिले, तर ती शोधाशोध न करता परत जाईल. आज त्या घरातील सगळा माल नव्हे, पण बराच माल थेट गिऱ्हाइकाकडे जातो. आणि व्यापाऱ्याकडे जातो त्यासही आता भाव ठरविताना दोन शब्द बोलता येतात. मागाचा आवाज बंद करून मुलाला शहरात कारखान्यात धाडण्याचा विचार त्या घराने तूर्त बाजूस ठेवला आहे. मंडळी, या विषयाकडे केवळ तरुणांची करमणूक म्हणून पाहू नका, असे मी म्हणतो ते एवढ्यासाठीच.

चित्र कसे असावे, याविषयी थोडे. उत्तम चित्रासाठी महागडे यंत्र लागतेच असे नव्हे. खिडकीतून येणारा सकाळचा प्रकाश, मागे साधी भिंत आणि चित्रात एकच वस्तू, एवढे पुरे. परंतु चित्राने काहीतरी सांगितले पाहिजे. हातमागावरील अस्सल पैठणीच्या पदराची नक्षी मागच्या बाजूसही तितकीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरील नकलेच्या पाठीमागे सामान्यतः सुटे धागे दिसतात. तेव्हा पदर उलटून दाखविणारे एक चित्र दहा विशेषणांचे काम करील. बांगडी-मोर, आसावली, अश्रफी, नारळी काठ ही आपली नावे चित्राखाली अवश्य लिहावीत. मराठीत लिहावे, इंग्रजीतही लिहावे, गावाचे नाव घालावे. कारण शोधणारा याच शब्दांनी शोधतो. पैठणीस २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ज्याची वस्तू त्या मानांकनात बसते त्याने ते सांगावे, ज्याची बसत नाही त्याने मुळीच सांगू नये. हाच न्याय पापड-कुरडयांना, शिवणकामास, मंडप-सजावटीस लावावा. खोट्या चित्राने एकदा गिऱ्हाईक येते. खऱ्या चित्राने ते दुसऱ्यांदा येते.

येथे वडील मंडळींच्या मनातील एका शंकेचा परामर्श घेणे प्राप्त आहे. ‘आमच्या सुनामुलींची चित्रे साऱ्या जगाने का पाहावीत?’ असे मला अनेकांनी विचारले आहे. शंका हेटाळणी करण्याजोगी नाही. परंतु मुखवटा दाखविल्यावाचून माल विकत नाही, हा समज खरा नव्हे. मागावर फिरणारे हात, तिल्ल्यांवरील रंगीत रेशीम, घडी घातलेले वस्त्र यांची चित्रे पुष्कळदा अधिक परिणाम करतात. स्वतः पुढे यावे की नाही, हे त्या त्या स्त्रीने ठरवावे. तिच्यावर बळजबरी नको, तशीच बंदीही नको. आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. बहुतेक घरांत हे काम सुना आणि मुलीच करतात. चित्र काढतात, मजकूर लिहितात, रात्री उशिरापर्यंत गिऱ्हाइकांना उत्तरे देतात. तेव्हा त्या मिळकतीत त्यांचा वाटा त्यांच्या नावे बँकेत पडला पाहिजे. ‘घरचेच काम’ म्हणून त्याची मोजदाद टाळणे न्यायाचे नाही.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी. पहिली, पैसे देऊन अनुयायांची संख्या फुगवू नये. ती गर्दी खरेदी करीत नाही. दुसरी, दुसऱ्याचे छायाचित्र आपले म्हणून लावू नये. १९५७ सालचा स्वामित्वहक्काचा कायदा छायाचित्रासही लागू आहे. तिसरी, आपला माल कोणी प्रसिद्ध व्यक्ती मोबदला घेऊन वाखाणत असेल तर ती जाहिरात आहे हे उघड नमूद झाले पाहिजे; जाहिरात-मानक परिषदेने २०२१ साली तशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत. चौथी, खात्याचा परवलीचा शब्द किंवा मोबाइलवर आलेला गुप्त अंक कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी देऊ नये. आणि फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

असे खाते चोरांच्या हाती गेल्यामुळे वर्षभराचे श्रम गमावून बसलेले एक कुटुंब मी पाहिले आहे. त्यांना संकेतस्थळ नव्हते, गिऱ्हाइकांची यादीही नव्हती. जे होते ते सगळे त्या एका खात्यात होते. क्रिस्टल पॅलेसच्या आगीची आठवण मला होते ती अशा वेळी. बाजारातील जागा भाड्याची असते. मालक केव्हा नियम बदलील, केव्हा दार लावील, याचा भरवसा नाही. संकेतस्थळाचे नावही वर्षाकाठी पैसे भरून राखावे लागते हे खरे, पण तेथील मांडणी, मजकूर आणि गिऱ्हाइकांची नोंदवही आपली असते. २०१४ सालापासून ‘.भारत’ असा शेवट असलेला पत्ता देवनागरीतही घेता येतो. म्हणून चित्रांच्या मूळ प्रती घरी जपाव्यात आणि माणसास बाजारातून आपल्या उंबरठ्यापर्यंत आणावे.

अखेरीस हिशेबाविषयी. दुकानदार रात्री गल्ला मोजतो, तद्वत येथेही मोजणी हवी. मात्र ती पसंतीच्या बदामांची नव्हे. कोणत्या चित्रावरून किती लोक संकेतस्थळावर आले, त्यांतील कितींनी चौकशी केली आणि कितींनी खरेदी केली, हे तीन आकडे दर आठवड्यास वहीत उतरवावेत. प्रत्येक दुव्यास वेगळी खूण लावली म्हणजे पाहुणा कोठून आला हे कळते, आणि ते मोजणारी साधने विनामूल्य मिळतात. तीन महिने ही वही नीट ठेवली, तर कोणते चित्र कामाचे आणि कोणते केवळ शोभेचे, हे ती वहीच सांगेल.

संघाला माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांपैकी ज्यांना ही विद्या अवगत आहे, त्यांनी सुटीच्या दिवशी दोन तास सभागृहात बसावे, आणि ज्या कुटुंबांचा लहानसा धंदा आहे त्यांनी आपला माल घेऊन यावे. मुलांनी चित्रे काढून द्यावीत, पाने तयार करून द्यावीत. कुटुंबांनी त्यांना धंद्यातील खाचाखोचा शिकवाव्यात. यास मोठ्या निधीची गरज नाही. एक खिडकी, एक पांढरी चादर आणि थोडी आस्था एवढे भांडवल पुरेसे आहे. येत्या संमेलनापर्यंत पाच कुटुंबे जरी या मार्गास लागली, तरी आजच्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी मानीन.