बाजाराची बातमी आणि आफ्रिकेतील लहान शेतकरी



आजचा विषय वाचून काहींच्या मनात असे आले असेल की, आपल्या गावच्या मोंढ्याचे प्रश्न सुटता सुटत नाहीत, तेथे आफ्रिकेतल्या शेतकऱ्याची चौकशी कशाला? ही शंका रास्त आहे. परंतु आफ्रिकेतील शेतकऱ्याचा आणि आपला संबंध वाटतो तितका दूरचा नाही. तो पुण्याच्या रेडिओपासून आपल्या ताटातल्या वरणापर्यंत पोचलेला आहे. हे आम्ही ओघाने दाखवूच. आधी मूळ प्रश्न पाहू.

सहाराच्या दक्षिणेकडील बहुसंख्य शेतकरी चारपाच एकरांच्या आतले आहेत. मका, ज्वारी, बाजरी, चवळी, कसावा ही त्यांची पिके. सुगी झाली की व्यापारी सायकलवर किंवा मालमोटारीतून दारात येतो. शहरात काय भाव चालला आहे हे त्याला ठाऊक असते. शेतकऱ्याला ठाऊक नसते. सौदा दोघांचा, पण डोळे एकाचेच उघडे. तेव्हा शेतकऱ्याला भाव कळवा म्हणजे त्याला योग्य मोबदला मिळेल, असा विचार कोणाच्याही मनात येईल. गेल्या पंचवीस वर्षांत आफ्रिकेत या एका विचारावर रेडिओ, फोन, संगणक आणि पुष्कळ पैसा खर्ची पडला आहे. त्याचे फळ काय, हे आज पाहावयाचे आहे.

भाव न कळण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचा दाखला इथिओपियाने दिला. २००० आणि २००१ ही दोन वर्षे तेथे मका उदंड पिकला. पीक इतके, की भाव कोसळले आणि काही ठिकाणी कापणीचा खर्चही निघेना म्हणून कणसे शेतातच राहिली. पुढच्या हंगामात शेतकऱ्याने खतावरचा खर्च आखडता घेतला. त्यातच २००२ साली पाऊस रुसला. २००३ साली त्याच देशात एक कोटीहून अधिक माणसांना बाहेरून आलेल्या धान्यावर जगावे लागले. सुकाळाच्या पाठीवर दुष्काळ आला, आणि त्याचे एक कारण बाजारात होते. एलेनी गेब्रेमधिन या इथिओपियन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी यावरून धडा घेऊन २००८ साली अदिस अबाबा येथे शेतमालाचा सार्वजनिक सौदाबाजार उभा केला. गोदामात माल तोलून, प्रत ठरवून घ्यावयाचा, पावती द्यावयाची, आणि झालेल्या सौद्यांचे भाव गावोगावच्या बाजारांतील फलकांवर व फोनवर कळवावयाचे, अशी ती योजना. बाईंनी नुसत्या भावाच्या बातमीवर विसंबून न राहता तिच्या जोडीला गोदाम, तराजू आणि पावती दिली, हे ध्यानात ठेवावे. त्याचे कारण पुढे कळेल.

आता पुण्याची गोष्ट. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुण्याच्या आसपासच्या मराठी जिल्ह्यांतील दीडशे खेड्यांत एक प्रयोग केला. प्रत्येक गावात वीसेक जणांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा त्यांनी एकत्र बसून अर्धा तास शेतीविषयक कार्यक्रम ऐकावयाचा, मग त्यावर चर्चा करावयाची आणि आपले प्रश्न केंद्राकडे कळवावयाचे. मूळ कल्पना कॅनडाची, पण गरीब देशातील खेड्यात ती रुजते की नाही याची कसोटी मराठी मुलखात लागली. ती रुजली. ऐकून उठून जाणाऱ्यांपेक्षा ऐकून बोलणारे अधिक शिकतात, हे त्यातून दिसले. पुढे १९६४-६५ साली घाना देशात याच धर्तीवर रेडिओ-मंडळांचा प्रयोग झाला. आफ्रिकेच्या शेतकऱ्याला काय आणि कसे सांगावे, या प्रश्नाच्या इतिहासात आपल्या नगर-पुण्याकडील पारावरच्या मंडळींचे असे एक पान आहे.

रेडिओचे खरे सामर्थ्य पुढे युगांडात दिसले. तेथे २००० सालानंतर मुख्य बाजारपेठांतील भाव गोळा करून ते जिल्ह्याजिल्ह्यांच्या रेडिओ केंद्रांवरून सांगण्यात येऊ लागले. याकोब स्वेन्सन आणि डेव्हिड यानागिझावा या दोन अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा असे आढळले की, ज्यांच्या घरी रेडिओ होता अशा मका पिकविणाऱ्यांना शेतावरच सुमारे १५ टक्के अधिक भाव मिळाला. व्यापारी तोच, मका तोच. फरक एवढाच की शेतकरी आता म्हणू शकत होता, ‘पेठेत काय चालले आहे ते आम्हांलाही ठाऊक आहे.’

येथे थांबलो असतो तर व्याख्यान गोड झाले असते. परंतु त्याच दोघांनी पुढे संपूर्ण बाजाराचा हिशेब केला, तेव्हा चित्र पालटले. रेडिओ असणाऱ्यांचे उत्पन्न वाढले, पण रेडिओ नसणाऱ्यांचे घटले. आणि सर्वांची सरासरी काढली तर वाढ जवळजवळ शून्य. जाणत्यांनी अधिक माल बाजारात आणला, त्याने भाव उतरला, आणि तो उतरलेला भाव अजाणत्यांच्या पदरात पडला. बातमी ही विहिरीच्या पाण्यासारखी आहे असे आपण समजतो, की एकाने ओढले म्हणून दुसऱ्याचे काही जात नाही. बाजारात तसे नसते. ज्याच्याकडे रेडिओ घ्यायला पैसे नव्हते, तो या सुधारणेने अधिकच गरीब झाला. म्हणून बातमी द्यावयाची तर ती सर्वांत मागच्या घरापर्यंत गेली पाहिजे. निम्म्या गावाला दिलेली बातमी उरलेल्या निम्म्या गावाला महाग पडते.

दुसरा दाखला नायजरचा. तेथे २००१ सालापासून मोबाइल फोन हळूहळू पसरले. जेनी एकर या विदुषींनी दाखविले की, जेथे फोन पोचला तेथे निरनिराळ्या बाजारांतील धान्याच्या भावांतली तफावत १० ते १६ टक्क्यांनी कमी झाली. आणि जेथे बाजार लांब व रस्ते वाईट, तेथे हा परिणाम अधिक. खाणाराच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट आहे. परंतु फोन कानाला लावून भाव विचारणारा मुख्यतः व्यापारी होता. पुढे चवळीच्या पिकाचा अभ्यास झाला तेव्हा असे आढळले की, शेतकऱ्याच्या बाजारांतील भावांचा चढउतार थोडा कमी झाला, पण सरासरी भाव काही वाढला नाही.

आणि हे केवळ आफ्रिकेतच घडते असे नाही. आपल्या महाराष्ट्रातील १०० खेड्यांत एका व्यापारी सेवेमार्फत शेतकऱ्यांच्या फोनवर बाजारभाव आणि हवामान पाठविण्यात आले, व मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन यांनी त्याची पद्धतशीर परीक्षा केली. शेतकरी संदेश वाचत होते, त्यांचा उपयोग होतो असेही सांगत होते. तरी हाती आलेल्या भावात सरासरीने मोजण्याजोगा फरक आढळला नाही.

असे का व्हावे? याचे उत्तर केनियाच्या पश्चिम भागात सापडते. तेथे सुगीच्या दिवसांत मका स्वस्त असतो आणि पाचसहा महिन्यांनी तोच मका २५ ते ४० टक्के महाग होतो. ही बातमी कोणी फोनवर कळवायला नको. तेथली म्हातारी आजीसुद्धा ती सांगेल. तरी शेतकरी सुगीतच विकतो आणि पुढे उपासाच्या महिन्यांत तोच मका चढ्या भावाने विकत घेतो. तो अडाणी आहे म्हणून नव्हे. त्याच वेळी मुलांची शाळेची फी भरावयाची असते, उधारी फेडावयाची असते, घरात कोणी आजारी असते. त्याला भाव माहीत आहे. त्याच्याजवळ थांबण्याची ताकद नाही. बुंगोमा भागात शेतकऱ्यांना सुगीच्या वेळी लहानसे कर्ज देऊन पाहिले, तेव्हा त्यांनी धान्य राखून ठेवले आणि मागाहून विकले. कर्जाच्या रकमेवर त्यांना सुमारे २९ टक्के प्राप्ती झाली. शिवाय जेथे अनेकांनी असे कर्ज घेतले, तेथे सुगी आणि टंचाई यांच्या भावांतले अंतरच कमी झाले, आणि कर्ज न घेणाऱ्या शेजाऱ्यांचाही त्यात लाभ झाला. युगांडात शेजाऱ्याचे ज्ञान शेजाऱ्याला बाधले; येथे शेजाऱ्याची पत शेजाऱ्याच्या उपयोगी पडली.

बाजाराच्या बातमीचा विचार करताना आम्हांला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. भाव कळणे आणि भाव घेता येणे या दोन गोष्टी आहेत. व्यापाऱ्याला ‘नाही’ म्हणावयाचे तर घरात उद्याची सोय असावी लागते.

राखून ठेवायचे म्हटले तर कीड आहेच. पश्चिम आफ्रिकेत चवळीला भुंगा लागला की काही महिन्यांत पोत्यात पीठच उरते. यावर अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मर्डॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरूनमध्ये एक सोपा उपाय काढला. विणलेल्या पोत्याच्या आत प्लॅस्टिकच्या दोन जाड पिशव्या, आणि प्रत्येकीचे तोंड घट्ट बांधलेले. आतला प्राणवायू किडेच संपवतात आणि स्वतः मरतात. औषध नाही, फवारणी नाही. परंतु हे शेतकऱ्याच्या गळी कसे उतरावे? तर प्रचारकांनी गावकऱ्यांसमोर पोती भरली, गावातच ठेवली, आणि काही महिन्यांनी सर्वांसमक्ष उघडून दाखविली. शिक्षण म्हणतात ते हेच. सांगितलेले विसरते, स्वतः मूठ घालून पाहिलेले विसरत नाही.

शिक्षणाचा दुसरा नमुना केनियाच्या कीटकशास्त्र संस्थेचा. झेयाउर खान आणि इंग्लंडचे जॉन पिकेट यांनी मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम नावाची द्विदल वनस्पती आणि शेताच्या कडेने नेपिअर गवत लावण्याची रीत काढली. मधल्या वनस्पतीच्या वासाने खोडकिड्याचे पतंग दूर पळतात, कडेच्या गवताकडे ओढले जातात. शिवाय ज्याला आपण टारफुला म्हणतो ते तण दबते आणि गुरांना वैरणही मिळते. हे चार ओळींच्या संदेशात मावत नाही. ते बांधावर उभे राहूनच शिकावे लागते.

मग शिकवावे कोणी? मलावीतील १२० खेड्यांत याची परीक्षा झाली. सरकारी माणूस, गावातला पुढारी शेतकरी, आणि सर्वांसारखाच एखादा साधा शेतकरी, यांपैकी कोणाचे लोक ऐकतात? श्रमाचा थोडा मोबदला दिला तेव्हा साध्या शेतकऱ्याचे म्हणणे अधिक पटले. पुढाऱ्याला जमले ते त्याच्या बैलांमुळे आणि पैशामुळे, असे लोक मनात धरतात. ज्याचे हात आपल्यासारखे, त्याचे पीक पाहून विश्वास बसतो. आपल्याच देशात जन्मलेली, गावच्या शेतकऱ्यांचे चलच्चित्र काढून ते शेजारच्या गावात दाखविण्याची रीत आज इथिओपियात रुजली आहे, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

शेवटी वरणाकडे येतो. २०१५ साली आपल्याकडे तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, हे येथे बसलेल्या भगिनींना आठवत असेल. २०१६ साली भारत सरकारने मोझांबिकशी डाळी घेण्याचा करार केला. तेथल्या लहान शेतकऱ्यांनी तूर वाढविली. त्याच वर्षी आपल्याकडेही तूर उदंड आली. खरेदी केंद्रांपुढे आपल्या शेतकऱ्यांच्या गाड्यांच्या रांगा लागल्या, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकमध्ये तुरीचा भाव कोसळला. आपल्या शेतकऱ्याला सावरणे सरकारचे कर्तव्यच होते, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु मोझांबिकच्या शेतकऱ्याला कोणी रोज फोनवर भाव कळविला असता, तरी त्याचा काय उपयोग होता? त्याच्या दृष्टीने वर्षातली सर्वांत मोठी बातमी दिल्लीच्या एका अधिसूचनेत होती, आणि ती निघाली तेव्हा त्याचे पीक तयार झालेले होते. पेरणीपूर्वी कळलेली बातमी म्हणजे सल्ला. कापणीनंतर कळलेली बातमी म्हणजे नुसते दुःख.

तेव्हा बातमी हवीच, पण ती वेळेवर हवी आणि शेवटच्या घरापर्यंत हवी. तिच्याबरोबर खरा तराजू, कोरडे कोठार, स्वस्त कर्ज आणि शेजाऱ्याकडून मिळालेली शिकवण हवी. आणि मोठ्या देशांनी आपली धोरणे निदान एका हंगामाइतकी तरी स्थिर ठेवावीत. हे शेवटचे काम तेथल्या शेतकऱ्याचे नव्हे. ते आपल्यासारख्या डाळ विकत घेणाऱ्यांचे आणि आपण निवडून दिलेल्या सरकारचे आहे.