आमचे धर्मगुरु व आमचें कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सायंकाळीं सर्व धर्मग्रामस्थांच्या वतीनें केलेलें भाषण)



आज आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण झालीं. सकाळच्या पवित्र मिस्सेंत आपण परमेश्वराचे आभार मानिले. आतां या मांडवांत आपल्या धर्मगुरूंविषयीं दोन शब्द बोलण्याचें काम मंडळीनें आमच्यावर सोंपविलें आहे. असल्या प्रसंगाचा एक ठरलेला पाठ असतो. शाल पांघरावी, श्रीफळ हातीं द्यावें, गुणांची यादी वाचावी, टाळ्या वाजवाव्या आणि पंक्तीस बसावें. शाल व श्रीफळ आम्हीही आणिलें आहे. तें योग्य वेळीं देऊंच. परंतु त्याआधीं आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. ती कुमसाराच्या जाळीआड द्यावयाची नव्हे. या मांडवांत, सर्वांच्या देखत द्यावयाची आहे.

फादर आपल्याकडे आले त्या दिवशीं आपण त्यांस वाजतगाजत आणिलें, आणि दुसऱ्याच रविवारीं देवळाच्या ओट्यावर उभे राहून म्हणूं लागलों, "पहिल्या फादरांची सर नाहीं." उपदेश लांबला तर लांबला म्हणून बोललों, लवकर आटोपला तर आटोपला म्हणून बोललों. ते घरोघरीं फिरले तर "देवळांत सांपडत नाहींत," आणि देवळांत बसले तर "आमच्या दारीं येत नाहींत." ज्या पहिल्या फादरांसाठीं आपण उसासे टाकीत होतों, ते येथें असतांना त्यांच्याविषयीं आपण काय बोलत होतों, हें मात्र कोणास आठवलें नाहीं. आणि आतां येत्या उन्हाळ्यांत या फादरांची बदली होणार असें कळतांच, त्यांस येथेंच ठेवावें म्हणून बिशप महाराजांकडे अर्ज घेऊन जाण्याच्या गोष्टी आपणच करीत आहों! बंधुभगिनींनो, आपली प्रीति नेहमीं निघून जाणाऱ्या धर्मगुरूच्या पाठीमागें धांवते. समोर उभा असलेल्याच्या वांट्यास ती क्वचितच येते. हा दोष एकट्यादुकट्याचा नव्हे, आम्हां सर्वांचा आहे. म्हणून 'आम्ही' म्हणूनच तो पदरीं घेतों.

दुसरा दोष याहून मोठा आहे. दोन पावसाळ्यांपासून फादरांच्या राहत्या घराचें छप्पर गळत आहे. एका रात्रीं ते बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदवह्या उराशीं धरून एका खोलींतून दुसऱ्या खोलींत नेत असतांना आमच्यांतल्या एकानें पाहिलें. त्यांच्या बिछान्यावर पाणी पडत होतें. पण तो तसाच राहिला, आधीं वह्या हलल्या. त्या वह्यांत आपल्या आईबापांचीं लग्नें आहेत, आपल्या लेकरांचीं नांवें आहेत. त्याच वर्षीं सणाच्या रोषणाईस आणि बँडास पैसा कमी पडला नाहीं. छपराची गोष्ट सभेंत निघाली तेव्हां "पुढल्या वर्षीं पाहूं" असें आम्हीच म्हटलें. फादरांनीं त्यावर शब्दही काढिला नाहीं.

आपल्या वसईच्या लोकांस धर्मगुरूचें मोल नव्यानें शिकविण्याचें कारण नसावें. १७३९ सालच्या मे महिन्यांत वसईचा किल्ला मराठ्यांच्या हातीं आला. पोर्तुगीज सत्ता गेली व तिच्याबरोबर युरोपियन धर्मगुरूही गेले. किल्ल्यांतील मोठमोठे मठ ओस पडले. त्यांच्या भिंती आपण आजही पाहतों. परंतु त्या भिंतींबरोबर धर्म पडला नाहीं. गोव्याकडील व याच भागांतील एतद्देशीय धर्मगुरूंनीं गरिबींत राहून आपल्या पूर्वजांचे बाप्तिस्मे, लग्नें व मरणसमयींचे संस्कार सांभाळिले. त्यांचीं नांवें आपल्यांतील फार थोड्यांस ठाऊक आहेत. त्यांस कोणीं शाली पांघरल्या असतील असें वाटत नाहीं. परंतु कोणीं तरी त्यांस भाकर दिली, निवारा दिला, म्हणूनच आज आपण येथें बसलों आहों.

आपला धर्मग्राम स्थापन झाला तेव्हां आपण मुंबईच्या धर्मप्रांतांत होतों. १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्या काळीं येथें वाड्या होत्या, केळीच्या बागा होत्या, आणि धर्मगुरूस प्रत्येक घराचें दार ठाऊक असे. आज वाड्यांच्या जागीं इमारती उभ्या आहेत. पहाटेच्या गाडीनें मुंबईस जाणारीं व रात्रीं परतणारीं माणसें त्यांत राहतात. मोहल्ला वाढला, माणसें वाढलीं. पण फादरांचा दिवस चोवीस तासांचाच राहिला.

आतां जी गोष्ट सांगावयाची आहे, ती आपल्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. १९८३ सालच्या धर्मसंहितेच्या ५३४व्या कलमानें प्रत्येक प्रमुख धर्मगुरूवर एक कर्तव्य घातलें आहे. दर रविवारीं व बंधनकारक सणाच्या दिवशीं त्यानें एक मिस्सा आपल्या स्वाधीन केलेल्या लोकांसाठीं अर्पण करावयाची असते. त्या मिस्सेसाठीं तो कोणाकडून दान घेत नाहीं. तिचा हेतु कोणी चिठ्ठीवर लिहून देत नाहीं. जो देवळांत आला त्याच्यासाठीं ती आहे, आणि जो निजून राहिला त्याच्यासाठींही आहे. जो फादरांस चांगलें म्हणतो त्याच्यासाठीं आहे, आणि जो ओट्यावर त्यांची निंदा करीत उभा असतो त्याच्यासाठींही आहे.

२०२० सालीं हें आम्हांस डोळ्यांनीं दिसलें. फादरांस येथें येऊन तेव्हां वर्षही झालें नव्हतें. मार्च महिन्यांत महामारीमुळें देवळाचीं दारें बंद झालीं. १२ एप्रिल रोजीं पुनरुत्थानाचा सण आला, आणि देवळांत आपल्यांपैकीं एकही माणूस नव्हतें. फादरांनीं रिकाम्या बांकांपुढें मिस्सा केली. ती आपण घरीं बसून मोबाईलच्या पडद्यावर पाहिली. शांतीचे शब्द उच्चारतांना ते एकेका बांकाकडे वळून पाहत होते. आमच्या घरांतील एक वृद्ध माउली म्हणाली, "आपल्या बांकाकडेही पाहिलें हो त्यांनीं." पुढें ज्यांच्या घरांतून माणसें गेलीं, त्यांस ठाऊक आहे कीं दफनभूमींत नातलगांसही जेथें मोजून उभें राहावें लागे, तेथें फादर होते. त्या दिवसांत "पहिल्या फादरांची सर नाहीं" असें कोणी म्हटलेलें आम्हीं ऐकिलें नाहीं.

तर मग अशा माणसाचे आभार कसे मानावे? मोशेची गोष्ट आपण लहानपणीं धर्मशिक्षणाच्या वर्गांत ऐकिली आहे. अमालेकाशीं लढाई चालली असतां मोशे टेकडीवर हात उंच करून उभा राहिला. हात वर असत तोंवर इस्राएलाचा जय होई. हात खालीं आले कीं शत्रूची सरशी होई. पण माणसाचे हात ते; थकले. तेव्हां अहरोन व हूर यांनीं त्याच्या गुणांवर भाषण केलें नाहीं. त्यांनीं प्रथम एक धोंडा आणून त्यास बसावयास दिला, आणि मग एकानें इकडून व एकानें तिकडून त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेविले. क्रम ध्यानांत घ्या: आधीं बसावयास धोंडा, मागाहून हातांस आधार. आणि हेंही ध्यानांत घ्या कीं त्यांनीं स्वतः मोशे होण्याचा यत्न केला नाहीं.

याचा याहून जवळचा धडा वसईच्याच मातीनें दिला आहे. सुमारें १५५७ सालीं वसईस जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे धर्मगुरु नव्हते. फ्रान्सिस्कन संघाचे साधे बंधु होते. पूर्वीं जपानांत राहून त्यांनीं तेथील भाषा आत्मसात केली होती. १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता फिलिपाइन्सहून जपानास गेले तेव्हां गोन्सालो त्यांचे दुभाषी झाले. राजसभेंत बोलावयाचें असो कीं दीनदुबळ्यांशीं, त्या धर्मगुरूचा शब्द वसईच्या या सुपुत्राच्या मुखानें लोकांपर्यंत पोहोंचे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें दोघांनींही क्रुसावर देह ठेविला, आणि १८६२ सालीं दोघांसही संतपद मिळालें. "मी कांहीं धर्मगुरु नव्हे" असें म्हणून ते बाजूस बसले असते तर? आपला पहिला संत धर्मगुरूच्या शेजारीं उभा राहून संत झाला, हें वसईकरांनीं कधीं विसरूं नये.

धर्मगुरु थकत नाहीं असेंही कोणी समजूं नये. फ्रान्स देशांतील आर्स नांवाच्या लहानशा खेड्यांत १८१८ सालीं आलेले संत जॉन मेरी व्हियानी मरेपर्यंत, म्हणजे १८५९ सालापर्यंत, तेथेंच राहिले. दूरदूरचे लोक त्यांच्याकडे कुमसारास येत, आणि ते तासन् तास त्या लांकडी पेटींत बसत. त्यांच्याविरुद्धही तक्रारी झाल्या. तेही इतके थकले कीं एकाहून अधिक वेळां त्यांनीं गांव सोडून जाण्याचा प्रयत्न केला, आणि गांवकऱ्यांनीं त्यांस अडविलें. १९२९ सालीं पोप अकरावे पायस यांनीं ज्यांस सर्व प्रमुख धर्मगुरूंचे आश्रयदाते संत म्हणून नेमिलें, त्यांची ही कथा. मग आपल्या फादरांनीं एखाद्या सायंकाळीं तुटक उत्तर दिलें, तर त्या दिवशीं त्यांनीं सकाळपासून किती दारें चढलीं हें आपण विचारूं नये काय?

म्हणून आज टाळ्यांच्या जोडीस आम्ही कांहीं वचनें देऊं इच्छितों. पहिलें वचन असें कीं, जें काम आम्हांस करतां येतें तें आम्ही फादरांच्या माथीं मारणार नाहीं. गवंड्यास बोलावणें, विजेचें देयक भरणें, सणाचा मांडव ठरविणें यांस पौरोहित्याची दीक्षा लागत नाहीं. धर्मसंहितेच्या ५३७व्या कलमानें प्रत्येक धर्मग्रामांत अर्थसमिति सांगितली आहे ती याचसाठीं. केवळ वर्षअखेरीस सह्या करण्यासाठीं नव्हे. दुसरें, जें काम केवळ धर्मगुरूसच करतां येतें, तें आम्ही त्यांच्याकडून मागून घेऊं. रिकाम्या कुमसारपेटीशेजारीं वाट पाहत बसणें यासारखें धर्मगुरूस दुःख नाहीं. रोग्याचा श्वास अडकेपर्यंत न थांबतां, तो शुद्धींत असतांनाच त्यांस हांक मारूं. तिसरें, त्यांचें कांहीं चुकलें असें वाटलें तर तें ओट्यावर न बोलतां त्यांच्यासमोर, अदबीनें, बोलूं. तोंडपुजेपणा म्हणजे आधार नव्हे. पण पाठीमागची कुजबूज तर आधार मोडणारी कुऱ्हाड आहे. चौथें, सणासुदीच्या रात्रीं, सर्वांच्या घरीं पंक्ति बसल्या असतां, धर्मगुरूंच्या ताटाशेजारीं दुसरें ताट आहे कीं नाहीं हें आम्ही पाहूं. आणि पांचवें, आपल्या घरांतील एखाद्या मुलानें "मी फादर होणार" असें म्हटलें, तर त्यास हंसून गप्प करणार नाहीं. दुसऱ्यांच्या आईबापांनीं आपले पुत्र दिले म्हणून आपणांस पन्नास वर्षें धर्मगुरु मिळाले. हें ऋण घेतच राहणें बरें नव्हे.

अर्जाची गोष्ट उरली. प्रिय बंधुभगिनींनो, तो अर्ज आपण फाडून टाकूं. फादर आज्ञापालनाचें वचन देऊन आले, आज्ञापालनानेंच जातील. त्यांचें वचन आपल्या प्रेमानें मोडूं नये. त्यांच्यावरील प्रेम दाखविण्याची खरी जागा बिशप महाराजांची कचेरी नव्हे. नवे फादर येतील, त्यांचा पहिला उपदेश होईल, आणि आपण ओट्यावर येऊन उभे राहूं, तेव्हां आपण काय बोलतों, हीच ती जागा.

फादर, शेवटीं दोन शब्द आपणांशीं. आज पाहुण्यांस मांडवांत दिवे कमी वाटले असतील, बँडही नाहीं. गेल्या महिन्याच्या सभेंत आम्ही ठरविलें, आणि एकाही माणसानें विरोध केला नाहीं, कीं सुवर्णमहोत्सवाच्या रोषणाईचा पैसा आपल्या घराच्या छपरास लावावा. सोमवारीं सुतार येणार आहेत. पावसाळ्यापूर्वीं काम पुरें होईल. परंतु तोंवर आपण दुसरीकडे गेलेले असाल. ज्या छपराखालीं आपण दोन पावसाळे भिजलां, त्याच्याखालीं कोरड्यांत निजणारे दुसरेच कोणी असतील. आम्हांस उशीर झाला, याची क्षमा असावी. परंतु आपला स्वभाव आम्ही ओळखतों. पुढें येणाऱ्या आपल्या बंधूस कोरडी खोली मिळाली, याचा आनंद आपणांस या शालीहून अधिक होईल, अशी आमची खात्री आहे.

आपण जेथें जाल तेथें दर रविवारीं नव्या लोकांसाठीं मिस्सा अर्पण कराल. त्या दिवशीं या जुन्या बांकांकडेही मनानें एकदां वळून पाहावें, इतकीच आमची विनंति. परमेश्वर आपले हात उंच ठेवो, आणि ते धरावयास आपणांस आमच्याहून तत्पर माणसें देवो. आमेन.