सनद, प्रावीण्य आणि वकिलाची निवड



कात्रज हे एकेकाळी हवेली तालुक्यातील गाव होते. १९९७ मध्ये ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यालगतची आंबेगावे २०१७ मध्ये, तर मांगडेवाडी व भिलारेवाडी ही गावे २०२१ मध्ये समाविष्ट झाली. गाव शहरात आले की जमिनीचे मोल वाढते आणि तंटेही वाढतात. एकाच वडिलोपार्जित जमिनीच्या फेरफारास हरकत महसूल अधिकाऱ्यापुढे घ्यावी लागते, वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात चालतो, आणि त्या जागेवरील इमारतीत सदनिकेचा ताबा रखडला तर महारेराचे दार ठोठवावे लागते. तिन्ही ठिकाणचा कायदा निराळा, कार्यपद्धती निराळी. अशा वेळी अडलेला माणूस पंचायत सदस्याला, शिक्षकाला किंवा ओळखीच्या अधिकाऱ्याला विचारतो, “चांगला वकील कोणता?”

या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याने सनदेचा नेमका अर्थ जाणून घेतला पाहिजे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये विधी पदवीधराचे नाव राज्य वकील परिषदेच्या नामावलीत दाखल होते. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र व गोवा वकील परिषद पाहते. शैक्षणिक वर्ष २००९-१० पासूनच्या पदवीधरांना अखिल भारतीय वकील परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. सनदेने वकिली करण्याचा अधिकार सिद्ध होतो. एखाद्या शाखेतील विशेष प्रावीण्य सिद्ध होत नाही.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात विशेषज्ञता प्रमाणित करणारे मंडळ १९७४ पासून आहे. अनुभव, सहव्यावसायिकांचा अभिप्राय आणि लेखी परीक्षा यांच्या आधारे ते एखाद्या विधिशाखेपुरते प्रमाणपत्र देते. भारतात अशी शाखानिहाय व्यवस्था नाही. उच्च न्यायालय वा सर्वोच्च न्यायालय ‘वरिष्ठ अधिवक्ता’ हा दर्जा देते, तो मोठा सन्मान होय. परंतु असा विधिज्ञ स्वतः वकीलपत्र दाखल करीत नाही. सर्वोच्च न्यायालयाची अभिलेख-अधिवक्ता परीक्षा आहे, पण तिचा संबंध त्याच न्यायालयातील कामकाजाशी आहे.

उलट, भारतीय वकील परिषदेच्या नियमांनुसार वकिलाने आपल्या नामफलकावर अमुक प्रकारच्या कामातील विशेषज्ञ असल्याचे लिहिणे निषिद्ध आहे. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर कामाचे क्षेत्र नमूद करता येते. तथापि ते वकिलाचे स्वतःचे निवेदन असते, कोणी तपासून दिलेला दाखला नव्हे. म्हणून फलकावरील ‘जमीनविषयक तज्ज्ञ’ ही अक्षरे पाहून विश्वास टाकणे योग्य नाही.

पारख करण्याची जबाबदारी अखेर पक्षकारावरच येते. त्याने प्रथम सनदेचा क्रमांक विचारावा. याच स्वरूपाची किती प्रकरणे, कोणत्या कार्यालयात वा न्यायालयात चालविली, हे विचारावे. तारखेला स्वतः वकील उभे राहणार की त्यांचे सहायक, हेही स्पष्ट करून घ्यावे. मुदतीचा प्रश्न तर पहिल्याच भेटीत काढावा. दिवाणी दाव्यातील हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करण्यास केवळ ३० दिवस असतात. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते. तो हक्क नाही. फलकाला भुलून गेलेला महिना पिढीजात जमिनीला महाग पडू शकतो.

मेहनताना किती व कोणत्या टप्प्यावर, हे लेखी ठरवावे आणि पावती घ्यावी. निकाल अनुकूल लागल्यास जमिनीत हिस्सा, असा करार वकिलास नियमानेच मना आहे. मूळ कागद शक्यतो स्वतःजवळ ठेवून प्रती द्याव्यात. व्यावसायिक गैरवर्तन घडल्यास अधिनियमाच्या कलम ३५ अन्वये राज्य वकील परिषदेकडे तक्रार करता येते.

ज्यांना वकील परवडत नाही, त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वा तालुका समितीकडे अर्ज करावा.

सल्ला मागणाऱ्याला केवळ एक नाव सांगून पाठविण्याऐवजी हे प्रश्न शिकवून पाठविले, तर त्याची जमीन आणि त्याचा कायद्यावरील विश्वास, दोन्ही राखण्यास मोठे साहाय्य होईल.