कुंडीतील वृक्षाचा हिवाळा

जपानमध्ये ‘हाचि नो की’ या नावाचे एक जुने नो नाट्य आहे. ‘कुंडीतले झाड’ असा त्या नावाचा अर्थ. हिमवर्षावाच्या रात्री एका विपन्न सामुराईच्या दारी एक भिक्षू आश्रय मागतो. घरात सरपण नसते; तेव्हा यजमान आपली उमे, चेरी आणि पाइन ही कुंडीतील तीन झाडे तोडून अतिथीसाठी शेकोटी पेटवतो. ती झाडे त्याने किती हिवाळ्यांतून जपून आणली असतील, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या त्यागाचे मोल कळते.

बोन्साय ही दिवाणखान्यातील शोभेची वस्तू आहे, असा पुष्कळांचा समज असतो. म्हणून थंडी पडताच झाड उबदार खोलीत आणण्याचा मोह होतो. पण पाइन, जुनिपर, मेपल ही मूळची थंड प्रदेशांतील झाडे. हिवाळ्यात काही आठवडे गारव्यात विश्रांती मिळाली, तरच वसंतात त्यांचे डोळे नीट फुटतात. उबदार खोली त्यांची ही झोपच मोडते, आणि झाड वर्षागणिक क्षीण होत जाते.

तर मग थंडीपासून जपावयाचे ते काय? मुख्यतः मुळे. रानात जमीन हेच मुळांचे पांघरूण असते. वर बर्फ साचले तरी खाली थंडी हळूहळू पोहोचते. उथळ कुंडीतील मूठभर मातीला मात्र गारठा चहूंकडून वेढतो. फांद्या जी थंडी सहज सोसतात, तिच्याहून पुष्कळ सौम्य थंडीत त्याच झाडाची मुळे मरू शकतात; आणि ही हानी बहुधा वसंतात, पालवी फुटेनाशी झाल्यावरच उमगते.

दुसरा शत्रू कोरडा वारा. कुंडीतील पाणी गोठले म्हणजे मुळांना ते शोषता येत नाही. इकडे ऊन आणि वारा सदाहरित पानांतील ओलावा खेचतच राहतात. अशा वेळी झाड बर्फाच्या सान्निध्यात तहानेने मरते. दिवसा वितळणे आणि रात्री पुन्हा गोठणे हेही मुळांना घातक; मातीची सच्छिद्र कुंडीही त्याने तडकते.

यावरचे उपाय साधे आहेत. 1923 च्या भूकंपानंतर तोक्योतील काही बोन्सायकारांनी शहराच्या उत्तरेस ओमिया येथे 1925 साली आपली वसाहत वसवली. त्या भागातील हिवाळा कोरडा आणि वाऱ्याचा. नाजूक झाडे ठेवण्यासाठी जपानी माळी ‘मुरो’ नावाचा निवारा वापरतात. त्याचे काम ऊब देण्याचे नव्हे. वारा अडवून थंडी बेताची आणि एकसारखी राखण्याचे. असा निवारा नसेल, तर कुंडी काठापर्यंत जमिनीत पुरावी, वर पालापाचोळा किंवा पेंढा पसरावा आणि भिंतीच्या आडोशाची सावलीची जागा निवडावी. पाणी बेताने द्यावे, परंतु माती पूर्ण सुकू देऊ नये. हिवाळा सरताना अधिक सावध असावे. डोळे फुगू लागल्यावर पडलेले दहिवर कोवळ्या फुटीला जाळून टाकते.

श्रीनगर किंवा सिमला येथे हौसेने पाइन वाढवणाऱ्यांनाही हाच नियम लागू पडतो. वड, पिंपळ आणि उंबर यांचा न्याय मात्र निराळा. ती उष्ण प्रदेशांतील झाडे. दिल्लीतील पौषाच्या रात्री त्यांना घरात, उजेडाच्या खिडकीपाशी आणणेच योग्य.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक पाइन आहे. 1625 पासून ते कुंडीत वाढवले गेले, असे सांगतात. 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, त्यातूनही ते वाचले आणि 1976 मध्ये जपानने ते अमेरिकेस भेट दिले. या दीर्घ आयुष्यात एखाद्याच हिवाळ्यात हयगय झाली असती, तरी पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रम वाया गेले असते. ते झाड आज उभे आहे, कारण प्रत्येक हिवाळ्यात कोणीतरी त्याच्या मुळांची आठवण ठेवली.