मैदानावर उभे राहणारे पालक

(क्रीडाशिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत दिवस उतरणीला लागला की, शाळेच्या आवारात एखादा गृहस्थ चुन्याची फक्की घेऊन कबड्डीचे मैदान आखताना दिसतो. कांद्याला पाणी देऊन तो नुकताच शेतातून आलेला असतो. तो शासनाचा नोकर नव्हे की शाळेचा शिक्षकही नव्हे. संघातील एका मुलाचा तो बाप. तरुणपणी स्वतः गावच्या संघातून खेळलेला. त्याला मानधन नाही. आज मला त्याच्याविषयी बोलावयाचे आहे.

ही प्रथा आपल्याकडे नवी नाही. गावच्या तालमीत वस्ताद पोरांकडून जोर-बैठका काढून घेई, तो पोटच्या मुलालाही त्याच लाल मातीत उतरवी. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांना कुस्तीचे पहिले धडे त्यांचे वडील दादासाहेब यांनीच दिले. 1948 साली लंडनला सहावे आलेले खाशाबा 1952 साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवून परतले. त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, आज राज्य क्रीडादिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपण खाशाबांना हार घालतो. दादासाहेबांची आठवण मात्र क्वचितच निघते.

परदेशांतही हेच दिसते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट येथे कार्ल स्टॉट्झ यांनी आपल्या भाच्यांना खेळावयास मिळावे म्हणून 1939 साली मुलांच्या बेसबॉलचे संघ उभे केले. ती ‘लिटल लीग’ पुढे अनेक देशांत पसरली, आणि तिचा भार आजही मुख्यतः विनावेतन काम करणाऱ्या पालकांवरच आहे.

आपल्या भागातील पालकावर मात्र आणखी एक जबाबदारी येऊन पडली आहे. कुकडी आणि घोड नद्यांच्या खोऱ्यांत पाणी आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्याने घर केले. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, हे आपण जाणताच. त्यामुळे सराव अंधारापूर्वी संपवावा लागतो आणि वस्तीवरच्या मुलांना घोळक्याने घरी पोहोचवावे लागते. हे काम कोणत्याही क्रीडाविषयक पुस्तिकेत लिहिलेले नाही. मुलींच्या बाबतीत तर त्यावरच सारे अवलंबून असते. सोबतीला विश्वासाचे माणूस असेल तर आई मुलीला खो-खोला पाठविते. नसेल तर उत्तम धावणारी मुलगी सातवीनंतर मैदानावर दिसत नाही.

येथे एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. बापच शिकवू लागला की चढाईला पहिल्यांदा आपलाच मुलगा पाठविण्याचा मोह होतो. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण असल्याने काही घरांत खेळाचा हिशेबही फार लवकर सुरू होतो. यावर उपाय साधा आहे: संघनिवड क्रीडाशिक्षकाने करावी, सराव पालकाने घ्यावा. जेथे शिक्षक व पालक असे मिळून काम करतात, तेथे तक्रारी कमी होतात, असे मला आढळले आहे.

शाल-श्रीफळ देण्यास माझा विरोध नाही. परंतु या माणसाला त्याहून अधिक गरज आहे ती खडे वेचून सपाट केलेल्या 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद जागेची, प्रथमोपचाराच्या पेटीची आणि मैदानापासून वस्तीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील दिव्यांची. यांपैकी दिव्यांचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. उपस्थित सदस्यांनी आपापल्या गावातील अशा पालकांना सोबत घेऊन एका सायंकाळी तो रस्ता पायी चालून पाहावा, दिवे कोठे नाहीत ते टिपून घ्यावे आणि पुढील ग्रामसभेपूर्वी ती यादी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात लेखी द्यावी.